ओढ्याची सरळ रेघ

ओढा कधी सरळ रेघ काढत नाही, हे त्याला नोकरीच्या पहिल्या आठवड्यातच सांगितलं होतं. पाणी चढतं, उतरतं, काहीच घडत नसलं तरी जरा हलतं. पडद्यावरची रेघ पट्टीने ओढल्यासारखी दिसली, तर संशय यंत्राचा घ्यायचा आणि उठून जाऊन बघायचं. पुढे हेच तो नव्या लोकांना शिकवायचा.

ओढ्याची पातळी मोजायची त्याची जागा पुलाखाली होती. काठावर काँक्रीटची अरुंद विहीर, ओढ्याचं पाणी तिच्यात आणणारी नळी, आणि पाण्याबरोबर वरखाली होणारा तरंगा. तरंग्याचा आकडा आपोआप ऑफिसातल्या पडद्यावर यायचा. नळीच्या तोंडाशी गाळ बसायचा. म्हणून दर आठवड्याला पाण्यात उतरून हा गाळ काढायचा आणि बाहेरच्या खांबावरची पट्टी वाचून विहिरीतल्या आकड्याशी ताडून बघायची, असा नियम होता. त्या आठवड्यात त्याने दोन्ही केलं नाही. गमबूट फाटला होता, नवा सोमवारी येणार होता आणि पाणी हाडं गोठवणारं होतं. सोमवारी बघू, म्हणाला.

पुलाच्या खालच्या अंगाला, ओढ्याकाठच्या एका तळघरात, त्याच्या थोरल्या बहिणीचं पुस्तकं बांधायचं दुकान होतं. पाऊस लागला की ती बातम्या लावायची नाही, धाकट्या भावाला फोन लावायची.

शुक्रवारी दुपारी तिचा फोन आला.

“काय रे बेडका, काय म्हणतोय तुझा ओढा?” लहानपणी हा डबकं दिसलं की उडी मारायचा, तेव्हा तिनेच पाडलेलं नाव.

“का गं?”

“वरच्या अंगाला धो धो चाललाय म्हणे. गठ्ठे वरच्या मजल्यावर नेऊ का? आज एकटीच आहे, कंबरेचा काटा ढिला होईल.”

त्याने पडद्याकडे पाहिलं. सकाळपासून रेघ जागची हलली नव्हती. अगदी सरळ.

“ताई, ओढा झोपलाय. तूही जरा आडवी हो.”

“लिहून देतोस?”

“शिक्का मारून देतो.”

ती खळखळून हसली आणि फोन ठेवला. पूल ऑफिसपासून चालत जाण्याइतका जवळ होता. त्याने चहा मागवला.

दिवे लागायच्या आत पाणी तळघरात शिरलं. नळी गाळाने बुजली होती. विहिरीतलं पाणी निवांत होतं आणि बाहेर ओढा खांबावरची पट्टी बुडवून चालला होता. तो धावत पोचला, तेव्हा ताई गुडघाभर पाण्यात उभी राहून गठ्ठे जिन्यावर ढकलत होती. कागद भिजला की दगड होतो. त्याला पाहून ती एवढंच म्हणाली, “तो वरचा धर.”

ऑफिसात चौकशी झाली. साहेबांनी ‘नळी बुजल्यामुळे’ असं लिहिलं, “होतं असं” म्हणाले आणि विषय संपवला. त्याला खरं तर कुणीतरी फैलावर घ्यायला हवं होतं. ताईनेही घेतलं नाही. कितीतरी दिवस ती ओली पानं हलक्या हाताने सुटी करत होती, तो शेजारी बसून त्यांच्यामध्ये कोरे कागद सरकवत होता, आणि मधून मधून ती गिऱ्हाइकांना फोन लावत होती.

“नाही हो, चूक माझीच. वेळेवर उचलायला हवी होती.”

प्रत्येकाला हेच. नातीसाठी गोष्टींचं जुनं पुस्तक बांधायला दिलेल्या एका आजोबांनी तर उलट तिचीच समजूत काढली.

“ताई, माझं नाव सांग ना त्यांना,” तो म्हणाला.

“सांगून पानं वाळणार आहेत का?”

बोलणं तिने तोडलं नाही. जेवायला बोलवायची, तब्येतीची चौकशी करायची. फक्त बेडूक म्हणायचं बंद झालं.

पुढच्या पावसात तिचा फोन आला नाही. त्याने दुपारपर्यंत वाट पाहिली. मग पुलाखाली उतरला, नळीत हात घालून बघितलं, पट्टी वाचली आणि तसाच ओल्या बुटांनी दुकानात गेला. तळघर अर्धं रिकामं झालं होतं. ताई छातीशी गठ्ठा धरून जिना चढत होती.

“अगं, पाणी खूप खाली आहे. आत्ता स्वतः बघून आलोय. पट्टीवर, या डोळ्यांनी.”

“हो का? बरं झालं,” ती वरूनच म्हणाली. “दमला असशील. बस जरा.”

गठ्ठा ठेवून ती खाली आली, त्याच्या शेजारून गेली आणि मागचं दार उघडलं. काठाकडे उतरणाऱ्या पायऱ्यांवर तिने पाण्याच्या खुणेसाठी लाल रंगाचा एक पट्टा ओढून ठेवला होता. पायऱ्या ओल्या होत्या. कठड्याला धरून, वाकून तिने पट्ट्याखालचं पाणी बघितलं. नीट, वेळ घेऊन.

मग आत आली, हात पुसले आणि पुढचा गठ्ठा उचलला.

त्याने त्यामागचा गठ्ठा उचलला.