वैनी, आडवी ये!

गाडीत लाल दिवा लागला की आपण काय करतो, खरं सांगा. आधी डॅशबोर्डवर एक टपली मारतो. मग ओळखीच्या चार लोकांना विचारतो, आणि त्यातला जो "काही होत नाही" म्हणेल त्यालाच शहाणा मानतो. चाळीसगावच्या मोतीलालने चार वर्षांपूर्वी नेमकं हेच केलं. तरीही त्याचं घर आज हसतंखेळतं आहे, ते कोणाच्या उपकाराने, तेवढंच मला सांगायचं आहे.

मोतीलालचं बी-बियाण्यांचं दुकान होतं. धुळ्याच्या एका डॉक्टरांनी वापरलेली पांढरी मारुती व्हॅन त्याने नुकतीच घेतली होती आणि तिच्यावर त्याचा जीव होता. पुढे लिंबू-मिरच्या, काचेवर देवाचा फोटो, सगळं साग्रसंगीत. आता त्या व्हॅनला पहिलं मोठं काम लागलं होतं. घाटावर कन्नडला दिलेली एकुलती एक लेक, लिला, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आणायची होती. सातवा सरला होता. एसटीचे धक्के नकोत, आपली गाडी कशाला घेतली मग, असं मोतीलाल येईल त्याला सांगत होता.

आदल्या दिवशी दुपारी तो दिवा लागला. हँडब्रेक ओढला की लागतो तोच, पण हँडब्रेक सोडला तरी विझेना. मोतीलालने दांडा पुन्हा पुन्हा ओढला, सोडला. पानटपरीवर कोणीतरी सांगितलं की त्याचं बटण अडकतं, सगळ्यांच्याच गाडीत असं होतं. मेकॅनिककडे जायचं तर दिवस मोडणार, आणि गुरुजींनी काढून दिलेला मुहूर्त सकाळचाच होता. शिवाय लेकीला आणायला जाताना तोंडासमोर लाल दिवा, बरं नाही दिसत. त्याने आरशावरची बायकोची टिकली काढली आणि दिव्यावर चिकटवून दिली. दिवा दिसेनासा झाला. काम फत्ते!

पण त्याआधी तो दिवा घरातल्या आणखी एका माणसाने पाहिला होता. झुंबरबाई, मोतीलालची थोरली वहिनी. मोतीलाल लहान असताना आई गेली, तेव्हा नव्या नवरीच्या वयात या बाईने त्याला न्हाऊमाखू घालून वाढवलं. तिला स्वतःचं मूल झालं नाही. नवरा, भाईदास, ऐन उमेदीत गेला. पुढे मोतीलालच्या लिलालाही तिनेच अंगाखांद्यावर खेळवलं. लिला येणार म्हणून ती व्हॅन आतून पुसत होती, तेव्हा तिने दिव्याचं विचारलं. "ते तुला नाही कळायचं, वैनी," म्हणून मोतीलाल मोकळा झाला.

घरात झुंबरबाईचा शब्द खाली पडत नसे. तिच्यावाचून लोणचं मुरत नसे की पापड वाळत नसे. मात्र कोणी गावाला निघालं की ती आपणहून मागच्या खोलीत जायची. विधवा बाईने निघणाऱ्यासमोर येऊ नये, ही आपली रीत! जा म्हणून तिला कोणी सांगत नसे, आणि थांब म्हणूनही कोणी सांगत नसे. मोतीलालची बायको कमलबाई मनाने वाईट नव्हती. पण याही वेळी तिने भरली कळशी घेऊन समोरून यायला शेजारच्या पार्वताबाईंना सांगून ठेवलं होतं, आणि वैनी चुलीपाशीच आहे ना, हे हळूच पाहून घेतलं होतं.

त्या दिवशी पहाटे झुंबरबाईने अंगणात सडा टाकला. व्हॅनच्या मागच्या चाकापाशी ओलं दिसलं, म्हणून तिथे जास्तीचं पाणी मारलं. डाग जाईना. बोट लावून बघितलं तर तेलकट. काचेतून आत डोकावली, तर दिव्याच्या जागी टिकली. कमलची टिकली तिला ओळखू येणार नाही का? ती घरात येऊन चुलीपुढे बसली. बोलावं तर ऐन निघायच्या वेळी हटकलं असं होणार. गप्प बसावं तर डोळ्यापुढे घाट येत होता, आणि त्या गाडीत लिला.

बाहेर नारळ फुटला. मोतीलालने व्हॅन चालू करून फाटकाबाहेर काढली. पार्वताबाई कळशी घेऊन निघाल्या, आणि त्यांना मागे टाकून झुंबरबाई थेट गाडीपुढे येऊन उभी राहिली. मोतीलालने ब्रेक दाबला. व्हॅन थांबली, पण नेहमीपेक्षा हातभर पुढे.

"मोती, तो दिवा उगाच लागेल नही. चाकजवळ तेल गळी राह्यनं शे. आज गाडी घाटमा लई जाऊ नको. आपली पोर दोन जीवानी शे."

मोतीलालचा चेहरा लाल झाला. ज्या वहिनीपुढे त्याने कधी आवाज चढवला नव्हता, तिला तो सगळ्या आळीदेखत म्हणाला, "आजच आडवी यायचं सुचलं तुला?"

 झुंबरबाई बाजूला झाली नाही. पार्वताबाईंनी कळशी खाली ठेवली. कमलबाई तोंडाला पदर लावून पुटपुटली, की आता असंच पुढे जायचं नाही. घरात परत या, घटकाभर बसा, पाणी प्या आणि मग निघा. अपशकुन झाला की करायचा हा आपल्याकडचा उपाय तुम्हांला ठाऊक आहेच. मोतीलालने धुसफुसत व्हॅन मागे घेतली.

अंगणाला मागच्या बाजूला उतार होता. फाटकातून आत आल्यावर त्याने ब्रेक दाबला, तर पाय थेट तळाला गेला. पुन्हा दाबला, पुन्हा तेच. व्हॅन घरंगळत मागे गेली आणि जळणासाठी रचलेल्या पऱ्हाट्यांच्या ढिगात घुसली. कपाशीच्या वाळक्या काड्या कडाकडा मोडल्या, हँडब्रेक ओढला गेला, आणि गाडी थांबली. कोणाला खरचटलंही नाही.

मोतीलाल खाली उतरला आणि मातीतच बसला. घाटाची वळणं त्याच्या डोळ्यांपुढून जात होती. कन्नडहून लेकीला घेऊन निघालो असतो, जेवून, ओटी भरून, आणि पहिल्याच उतारावर पाय असा तळाला गेला असता! तो लहान मुलासारखा रडू लागला. झुंबरबाईने त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

"दिवा लागना ते त्यावर टिकली लाई. मी बोलनू ते माले आडवी म्हनं. आते तूच सांग मोती, सांगणाराने सांगावं कसं?"

 याचं उत्तर तुमच्याआमच्याकडे तरी आहे का? झुंबरबाई पुढे शांतपणे बोलत राहिली. तिचा नवरा गेला तो तापाने गेला. त्यात तिचा काय दोष, हे ती इतकी वर्षं स्वतःलाच विचारत आली होती. निघणाऱ्याचं वाईट व्हावं असं तिच्या मनात कधी आलं नाही, मग तिच्या तोंडानेच वाईट कसं होईल? आज ती चुलीपाशी बसून राहिली असती तर रीत पाळली गेली असती, आणि पोर गेली असती.

हे ऐकून कमलबाईने तिचे पाय धरले. "वैनी, तुला आत बसवणारी मीच. माझी लेक तू राखलीस."

मेकॅनिकने चाकातलं झिजलेलं रबर बदललं, ब्रेकचं तेल भरलं, आणि दिवा विझला. टिकली मोतीलालने स्वतः नखाने खरवडून काढली. दुसऱ्या दिवशी ते निघाले तेव्हा मुहूर्त कोणी पाहिला नाही, आणि पुढच्या सीटवर झुंबरबाई बसली होती. परतताना मात्र झुंबरबाई हट्टाने मागे जाऊन बसली, आणि घाट उतरताना लिला तिच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली होती. प्रत्येक वळणावर ब्रेक लागत होता आणि प्रत्येक वळणावर मोतीलाल मनातल्या मनात हात जोडत होता.

दारात भाकरतुकडा ओवाळायची वेळ आली. झुंबरबाई सवयीने मागे सरकू लागली, तर कमलबाईने ताट तिच्याच हातात दिलं. पार्वताबाई काहीतरी बोलणार होत्या, पण कालचा पऱ्हाट्यांचा ढीग त्यांनीही पाहिला होता.  झुंबरबाईने लेकीला ओवाळलं, तेव्हा सगळ्यांचेच डोळे भरून आले.

बंधुभगिनींनो, दिवा संकट आणत नाही, तो फक्त सांगतो. गाडीतल्या दिव्यावर टिकली लावू नका, आणि घरातल्या माणसाला तर मागच्या खोलीत मुळीच बसवू नका. आपल्या भल्यासाठी जो वाटेत उभा राहतो, त्याचे आधी पाय धरा, मग पुढे निघा.

मोतीलालच्या घरी आता आजोळी आलेला लिलाचा मुलगा पळतो. कुठेही जायचं झालं तर गाडी चालू होते, सगळे बसतात, पण गाडी फाटकातून बाहेर पडत नाही. मोतीलाल खिडकीतून मान बाहेर काढतो आणि घराकडे बघून साद घालतो, "वैनी, आडवी ये ना!"

मग झुंबरबाई पदराला हात पुसत येते, चारी चाकांपाशी वाकून बघते, गाडीपुढे उभी राहते आणि म्हणते, "जाय आते."