सुगंधाबाईची पोटरी

पाचोडजवळच्या वस्तीवर मुंजाबा मेंढरं राखायचा आणि लोकांना डागण्या द्यायचा. पाठ धरली, पाय दुखला, की माणसं त्याच्याकडं यायची. तापवून लाल केलेला विळा तो चामडीवर टेकवी. माणूस जितका जोरात किंचाळेल तितका गुण लवकर येतो, असं त्याचं सांगणं.

त्याची बायको सुगंधाबाई हिची डावी पोटरी ठणकू लागली. कळ कमरेतून निघून अंगठ्यापर्यंत जाई. मेंढरांमागं चालणं होईना, तेव्हा मुंजाबानं तिलाही निजवलं आणि पोटरीच्या बाहेरच्या बाजूला विळा टेकवला. चामडी जळल्याचा वास सुटला. सुगंधाबाई गप्पच.

जमलेल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मुंजाबाला ते झोंबलं. त्यानं विळा पुन्हा तापवून त्याच जागी दाबून धरला. तरी ती ओरडली नाही.

"विस्तवानं दुखत नाय, आन् चालायचं म्हणलं की दुखतंय व्हय? सारं सोंग हाय तुझं," तो म्हणाला.

मग तिला विसावा कसला! तशाच पायानं मेंढरांमागं जावं लागलं. जखम चिघळली. पाऊल लोंबू लागलं, चप्पल पायात राहीना. ती पडली की शेजारणी तिच्या चालण्याची नक्कल करून दाखवत.

दिवाळीला मुलगा रामेश्वर बजाजनगरहून आला. तो तिथं कंपनीत कामाला. आईचा पाय बघून तो तिला तसाच संभाजीनगरच्या दवाखान्यात घेऊन गेला. मुंजाबा भांडत भांडत सोबत आला. डॉक्टरीणबाईंनी तिला डोळे मिटायला सांगून पोटरीला सुई टोचली. तिला कळलंसुद्धा नाही.

"कमरेच्या मणक्यांमधली गादी सरकून पायाची नस दाबली गेलीय," बाई मुंजाबाला म्हणाल्या. "म्हणून पाय आतून ठणकतो आणि वरून बधिर आहे. त्या ओरडणार कशा? आधीच आणलं असतं, तर पाऊल बहुतेक वाचलं असतं."

सुगंधाबाई हळूच म्हणाली, "मला बी वाटाया लागलं हुतं बाई, मीच खोटी हाय म्हणून."

मुंजाबानं वाकून तिच्या पोटरीवरची जखम पाहिली.

ऑपरेशन झालं. कळ गेली, पाऊल मात्र उचलेना.

पुढं दगडाबाई नावाची म्हातारी पोटरी धरून दारात आली. मुंजाबानं नकार दिला, तिला बायकोच्या पायावरचे चट्टे दाखवले. "ही मी जाळली. मला कळत नव्हतं. तू दवाखान्यात जा." दगडाबाईनं त्यालाच शिव्या घातल्या आणि ती दुसऱ्या डागणाऱ्याच्या वाटेला लागली. मुंजाबा विनवण्या करत तिच्यामागं चालत राहिला.

वाचकहो, दुखतं तिथंच रोग असतो असं नाही, आणि जो ओरडत नाही त्याला दुखत नाही असंही नाही. घरातलं कुणी दुखतंय म्हणालं, तर आधी त्याचं खरं माना आणि वेळेत डॉक्टरकडं न्या. सुगंधाबाई आज पाऊल फरफटत चालते. दाबली गेलेली नस वेळेत सुटली असती, तर पाऊल कदाचित वाचलं असतं; पण तिच्या घरानं तिचं ऐकलं नाही.