कोकरू पुढं, कळप मागं

बिंदुसरा नदीच्या दोन्ही काठांना बागा झाल्या, मधे चालणाऱ्यांसाठी पूल झाला, आणि भामाबाईची वाट तेवढी गेली. चाळीस वर्षं तिची मेंढरं जिथून नदी ओलांडायची, नेमकं तिथंच बागेचं कुंपण आलं. आता पलीकडच्या चाऱ्याला जायचं तर हमरस्त्याच्या पुलावरून. तिथं परवाच ट्रकनं तिच्या दोन मेंढ्या चिरडल्या होत्या.

नव्या पुलावर पाटी होती, 'जनावरांना सक्त मनाई'. राखणीला धर्मराज. "मावशे, माझी नोकरी जाईल," हेच त्याचं तुणतुणं.

"अन् माझी मेंढरं गेली तर चालंल व्हय रे मेल्या?"

उद्घाटनाला पुढारी सुंदरराव येणार होते. निवडणूक तोंडावर, मग काय विचारता! भामाबाईला निरोप आला : घोंगडी अन् कोकरू घेऊन ये. साहेब कोकरू खांद्यावर घेऊन पूल चालणार, फोटो निघणार. बाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. फोटोला कोकरू चालतं, अन् त्याच्या आईला मनाई! पण ती नाही म्हणाली नाही. तिनं म्होरक्या मेंढीचं चार दिवसांचं कोकरू निवडलं आणि अख्खा कळप पुलाच्या फाटकाशी आणून उभा केला.

सुंदररावांनी घोंगडी पांघरली, फीत कापली, कोकरू खांद्यावर घेतलं. दहा पावलं गेले असतील नसतील, कोकरानं टाहो फोडला. फाटकातून त्याची आई उधळली. म्होरकी निघाल्यावर बाकीची थांबतात होय? दीडशे मेंढरं पुलावर! हारवाले कठड्याला चिकटले. नदी उतरताना मेंढके असंच करतात, कोकरू उचलून पुढं चालतात. सुंदररावांना बिचाऱ्यांना कोण सांगणार?

धर्मराजनं शिट्टी फुंकली. "मावशे, माघारी हाकल!"

"मी का म्हून हाकलू? मी न्हाई, सायेब नेतायत. त्यास्नीच सांग की."

समोर कॅमेरे होते. सुंदरराव हसत हसत पलीकडच्या बागेपर्यंत गेले. दुसरं करणार काय?

दुसऱ्या दिवशी सकाळी भामाबाई कळप घेऊन पुलाशी हजर. धर्मराजनं पाटीकडं बोट केलं. तिनं कनवटीचा पेपर उलगडून त्या पाटीशेजारी धरला. फोटोत पुढं सुंदरराव, मागं दीडशे मेंढरं.

"पाटी खोटी का सायेब खोटा, तेवढं मोठ्यानं सांग. लगेच माघारी जाते."

धर्मराजनं आजूबाजूला बघितलं आणि बाजूला सरला. भामाबाईनं कोकरू उचललं आणि पुलावर पाय ठेवला.