रडणारी जीप

"रडली! रडली गो बाय, जीप रडली!"

शिरढोणच्या देवळासमोर पाय ठेवायला जागा नव्हती. काशिरामची ही जीप, रोज गावची पोरं शाळेत नेणारी. दुपारच्या आरतीला स्वानंदबाबा तिच्या टपाच्या लोखंडी पाईपला दिवा ओवाळायचे, की पाईपमधून टपटप थेंब! बाया वाटीत झेलून तीर्थ म्हणून प्यायच्या.

"लोखंडाला पाझर फुटतो, भक्तांनो! कोरडे आहात ते तुम्ही!" बाबांची टेप चालू.

वेल्डिंग करणारी किशोरी मात्र गर्दीत मागेच उभी होती. पाईपचा हा सांगाडा तिनेच गॅरेजमध्ये वाकवून, जोडून बसवला होता. मागचा एक जोड टपाला अगदी चिकटून. तिथे वेल्डिंगची कांडी पोचेना. तिने फटीत लांबीचा लगदा भरला, वर रंग मारला. कुणाला दिसणार होतं? आता पाणी तिथूनच आत शिरत होतं, पाईप आतून कुजत होता. आणि जीप उलटली तर पोरांना वाचवणार तोच पाईप!

संध्याकाळी तिने काशिरामला गाडी उभी ठेवायला सांगितलं. चूक कबूल करायला मात्र जीभ रेटली नाही.

"आमाला देव पावलाय, ते तुला बघवत नाय," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी टपावर रोजचा अभिषेक चालला, तेव्हा तिनेही एक तांब्या नेमका त्या जोडावर ओतला. तांब्यात कपड्यांची नीळ होती. गर्दीत कुणाचं लक्ष गेलं नाही.

दुपारी बाबांनी दिवा धरला. थेंब पडले. निळे!

बाबा क्षणभर गडबडले. "श्रीकृष्ण! साक्षात सावळा..."

"सावळा कसला, कपड्यांची नीळ हाय ती!" किशोरी पुढे झाली. तिने पाईपवरून नख फिरवलं. "हे बघा मेण. गंजून भोक पडलंय, ते या बाबांनी बुजवलंय. दिव्याने मेण वितळतं, आणि तुमचाच सकाळचा अभिषेक गळतो."

"पन पानी आत जातं कुठून?" काशिरामने विचारलं.

किशोरीने हातोडी काढली. "मागचा जोड मी वेल्डिंग न करताच सोडला, दादा. चूक माझी. देवाला कशाला मध्ये घेता?"

तिने हातोडी मारली. ती पाईपमध्ये रुतलीच. गंजाचा भुगा खालच्या सीटवर पडला. ती जागा रंजिताची, काशिरामच्या लेकीची. काशिरामने तो भुगा मुठीत घेतला. बाबा कधी सटकले, कळलंही नाही.

"मला शिव्या घाला, हवं तर काम देऊ नका," किशोरी म्हणाली. "पण लोखंड रडत नाय, गळतं. गळायला लागलं की हात जोडू नका, भोक शोधा. आत आपलीच पोरं बसतात."