शिलाई मशीनच्या खणातल्या गोळ्या

मित्रांनो, मी पायाने चालणारं शिलाई मशीन आहे. जुनं आहे, पण मोडीत काढण्याइतकं नव्हे. तसं म्हणणाऱ्याने आधी आपला टाका माझ्या टाक्याशेजारी ठेवून बघावा. कारखान्यात मला ओतलं, घासलं, काळा रंग चढवला आणि एका नव्या नवरीने मला घरी आणलं. तिला आज सगळे आजी म्हणतात. गल्लीभरच्या मुलांचे शाळेचे गणवेश आम्ही मिळून शिवले. आजीची टीप कधी वाकडी गेली नाही, आणि जीभ कधी सरळ चालली नाही.

तिची एक शिस्त होती. उरलेलं काही टाकायचं नाही. बोटभर चिंधीसुद्धा माझ्या खणात जायची. याच शिस्तीने घात केला.

रक्तदाबासाठी आजीला एक लघवीची गोळी चालू होती. पाय सुजून पायडलवर ठरेनात, तेव्हा डॉक्टरांनी ती बंद करून दुसरी, जोराची लिहून दिली. नवी गोळी सून सकाळी हातावर ठेवायची. जुन्या गोळ्यांच्या दोन पट्ट्या उरल्या होत्या. आजीने त्या खणात ठेवल्या आणि चहानंतर त्यातलीही एक घेऊ लागली. चांगली गोळी वाया का घालवायची? शिवाय रक्तदाबासाठी जेवणातलं मीठ बंद केलं आणि तोंड कोरडं पडतं म्हणून घटाघटा पाणी.

सूज उतरली. आजी खूश. आठवडाभरात मात्र तिचा पाय अडखळू लागला. डोकं दुखे, मळमळे. एका सदऱ्याचा गळाच तिने शिवून बंद केला.

"आई, यात डोकं कुठून घालायचं?" सुनेने विचारलं.

"ज्याला डोकं आहे त्याने शोधावं."

दोघी हसल्या. मला हसू आलं नाही. पाय अडखळू लागल्यापासून तिसऱ्या दिवशी आजीने सुनेलाच विचारलं, "तुम्ही कुणाच्या? माप द्यायला आलात का?"

मुलगा म्हणाला, "वय झालं आता. मशीन देऊन टाकू कुणाला तरी, नाहीतर बोटात सुई घालून घेईल."

"अहो, गेल्या महिन्यात माझ्या दहा चुका काढल्या त्यांनी."

"म्हातारपण असंच असतं."

पट्ट्या माझ्या पोटात होत्या. ओरडायला मला तोंड नाही.

सातव्या दिवशी खुर्चीवरून उठताना आजी कोसळली. दवाखान्यात रक्त तपासलं. सोडियम, म्हणजे रक्तातलं मीठ, फार खाली गेलं होतं. डॉक्टरबाई म्हणाल्या, "घरातल्या सगळ्या गोळ्या आणा. बंद केलेल्याही." सुनेने कपाट पाहिलं, उशीखाली पाहिलं, शेवटी माझा खण ओढला. एक पट्टी रिकामी, दुसरी अर्धी. त्या घेऊन ती दवाखान्यात धावली.

दोन्ही गोळ्या मिळून लघवीवाटे मीठ बाहेर काढत होत्या आणि वरचं पाणी उरलेलं पातळ करत होतं. दोन्ही थांबवल्या. मीठ हळूहळू वर आणलं. घाई केली तर मेंदूला इजा होते म्हणे. आजी घरी आली ती काठी टेकत. शिवायला बसली नाही. माझ्यावर हात टेकून तिने मुलाला बोलावलं.

"मी वेडी झाले हे ठरवायला तुला किती दिवस लागले रे?"

"तीन," मुलगा खाली बघत म्हणाला.

"आणि दवाखान्यात न्यायला?"

"पडलीस तेव्हा नेलं."

"म्हणजे पडले नसते तर मशीनबरोबर मलाही देऊन टाकलं असतंस."



मित्रांनो, चूक आजीचीही होती. ती ते कबूल करणार नाही, म्हणून मलाच सांगावं लागतंय. बंद केलेली गोळी उरली म्हणून घेऊ नका, आणि चालू असलेली आपल्या मनाने सोडू नका, डॉक्टरांना विचारा. पण घरातलं म्हातारं माणूस चार दिवसांत बदललं, भलतंच बोलू लागलं, तर वयाला बोल लावून मोकळे होऊ नका. वय असं चार दिवसांत येत नाही. त्यांचा हात धरा आणि रक्त तपासायला न्या. पडेपर्यंत थांबू नका.