एकतिसाव्या पानाचा जोड

ग्रंथालयाच्या तळमजल्यावरच्या दुरुस्तीखोलीची खिडकी उत्तरेला होती, कारण थेट उन्हाने कागद पिवळा पडतो आणि कारागीर पेंगतो. त्या खोलीत तेहतीस वर्षं जुनी पानं सांधणाऱ्या बाईला घरी मुंगी म्हणत. थोरल्या भावाने ठेवलेलं नाव. लहानपणी फुटलेल्या बशीचे तुकडे वेचून ती दिवसभर जुळवत बसली होती, तेव्हापासूनचं.

त्या मंगळवारी तिच्या टेबलावर बुडीत नगरीची पोथी होती. ही पोथी म्हणजे ग्रंथालयाचं भूषण, आणि डोकेदुखीही. फार पूर्वी एक थोर नगरी होती, तिथल्या लोकांना सगळं येत होतं आणि तरीही ती पाण्याखाली गेली, एवढं पोथी सांगते. कुठे, ते सांगत नाही. मग काय, उंटावरच्या शहाण्यांना रान मोकळं! कुणी ती समुद्राच्या तळाशी नेली, कुणी वाळवंटाखाली गाडली. एका दातांच्या डॉक्टरने तर तिथले लोक आकाशातून उतरले होते असं सिद्ध करणारं जाडजूड पुस्तक लिहिलं, आणि त्याच्या तीन आवृत्त्या निघाल्या.

या सगळ्यांत मुंगीचा दादा त्यातल्या त्यात जमिनीवर पाय असलेला. जमीनमोजणीच्या कचेरीत नकाशे काढण्यात त्याची हयात गेली होती. आकाशातली माणसं त्याला खपत नसत. तो म्हणे, "पोथीत मोजमाप एकाच ठिकाणी आहे. एकतिसाव्या पानावर, शेवटच्या तीन ओळींत. दक्षिणेच्या दारातून निघून तीनशे चाळीस पावलांवर पाणी, तिथून बारा पायऱ्या उतरल्यावर दुसरं दार. बाकी सगळी वर्णनं आहेत, आणि वर्णनावर नकाशा काढता येत नाही." या तीन ओळींसाठी तो ती जुनी लिपी शिकला. पानाच्या फोटोवर आणि सुट्टीच्या दिवशी ग्रंथालयात येऊन खुद्द पानावर भिंग धरून बसला. तीस वर्षांत नऊ तळ्यांच्या काठांनी पावलं मोजत हिंडला आणि नवव्या तळ्यापाशी त्याला बारा पायऱ्या सापडल्या. आता त्याचं पुस्तक तयार होतं. शनिवारी ते छपाईच्या यंत्रावर चढायचं होतं.

"ते गाव बुडून हजार वर्षं झाली, आपला नळ आज गळतोय," असं वहिनी अधूनमधून म्हणायची. पण पुस्तकाचं मुखपृष्ठ तिनेच पसंत केलं होतं.

पोथी दुरुस्तीला आली ती पाठीमागचं अस्तर सुटू लागलं म्हणून. पोथीची पानं एकाच बाजूला लिहिलेली, आणि कोऱ्या बाजूला आधारासाठी जाड कागदाचं अस्तर लावलेलं. मुंगीने एकतिसावं पान उपडं ठेवलं, ओल्या टिपकागदाने खळ मऊ केली आणि अस्तर सावकाश सोलून काढलं. पानाच्या खालच्या चार बोटांच्या पट्ट्यापाशी तिचा हात थांबला. तो पट्टा वेगळ्या कागदाचा होता. जोडाच्या कडा फाडून बारीक तंतू काढलेले आणि ते तंतू एकमेकांत बसवलेले. खळ जरा जास्तच झालेली. आपण कुणाला दिलेली शिवी आठवणार नाही, पण आपल्या हातचा जोड कारागीर विसरत नाही.

तिच्या नोकरीचं ते पहिलं वर्ष होतं. पानाचा खालचा भाग उंदरांनी खाल्लेला. तिला काम शिकवणारे जुने कारागीर, ज्यांना सगळे काका म्हणत, ते त्या आठवड्यात आजारी होते. खोलीत एक खण जुन्या निरुपयोगी कागदांच्या तुकड्यांचा असे. ठिगळासाठी त्यातला कोराच तुकडा घ्यायचा हा नियम. पण कोरा पट्टा लावून बघितला तर पान टक्कल पडल्यासारखं दिसत होतं. मग तिला खणात एक लिहिलेला तुकडा मिळाला. तीच शाई, तसंच वळण, ओळींमधलं अंतरसुद्धा तेच. लिपी तेव्हा तिला येत नव्हती. तिच्या लेखी ती अक्षरं नव्हती, कागदावरची नक्षी होती. तिने तो लावला, मागून अस्तर चढवलं आणि नोंदवहीत लिहिलं, 'जुना कागद लावला.' काका बरे होऊन आले, त्यांनी पान उजेडात धरलं आणि नुसतं "हं" म्हणाले. त्या "हं"वर ती महिनाभर खूश होती.

पुढे भावाच्या नादाने तिलाही लिपी थोडीफार वाचता यायला लागली. दादाच्या तोंडून एकतिसावं पान तिने हजारदा ऐकलं असेल. पण वर्षाला तीनशे पानं सांधणाऱ्या बाईला कुठल्या पानाला उंदीर लागले होते, हे कसं आठवावं?

आता अस्तराखाली पट्ट्याची पाठ पहिल्यांदा उघडी पडली होती. पाठीवरही लिहिलेलं होतं. मुंगीने चष्मा पुसून एकेक अक्षर लावलं. 'लिंबाच्या रोपांना एक दिवसाआड दोन घागरी. बकऱ्या आत येऊ देऊ नयेत. मी परत येईपर्यंत विहिरीच्या पायऱ्या धुऊन ठेवाव्यात.'

एका माळ्याने दुसऱ्या माळ्यासाठी लिहून ठेवलेली चिठ्ठी होती ती! दक्षिणेचं दार बागेचं होतं आणि तीनशे चाळीस पावलांवरचं पाणी विहिरीचं.

अस्तर पुन्हा चिकटवलं असतं तर कुणाला काही कळलं नसतं. खळ समोरच होती. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, ते उगाच नाही. दादा अडुसष्ट वर्षांचा होता आणि त्याच्याकडे दुसरं काही नव्हतं, हे पुस्तक होतं. ती अर्धा तास खळीचं भांडं ढवळत बसली. मग तिने पाठीवरच्या ओळी पातळ कागदावर जशाच्या तशा उतरवून घेतल्या आणि पान उघडंच ठेवून घरी गेली. खोटं बोलायला ती भ्यायली नाही. खोटा जोड आता आपल्या हातून होणार नाही, एवढंच तिला कळलं.

ती वरच्या मजल्यावर राहायची, पण संध्याकाळचं जेवण खाली दादा-वहिनींबरोबर असे. ताटं वाढून होताच ती म्हणाली, "दादा, पुस्तक थांबव."

"आता? का गं?"

"एकतिसाव्या पानावरच्या त्या तीन ओळी पोथीतल्या नाहीत. मी लावल्यात."

दादा हसला. "तू कधीपासून नगऱ्या वसवायला लागलीस, मुंगे?"

तिने उंदीर, काका, खण, सगळं सांगितलं आणि कागद पुढे केला. त्याने तो वाचला. पुन्हा वाचला.

"काय लिहिलंय एवढं?" वहिनीने विचारलं.

"बकऱ्या आत येऊ देऊ नयेत," दादा म्हणाला.

वहिनीला हसू फुटलं. मग तिने नवऱ्याचा चेहरा पाहिला आणि तोंडाला पदर लावला. दादा उठला, हात धुतले, आपल्या खोलीत गेला आणि दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मुंगी खाली जेवायला गेली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. भावाने बोलावलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा दोघं एकमेकांशी बोलत नव्हती, आणि तिला त्याची भयंकर भीती वाटत होती. पुस्तक गेलं तर गेलं, पण दादाच दुरावला तर मनातलं ती कुणाला सांगणार होती? कामावर ती दुसरीच पानं घेऊन बसली. एकतिसाव्या पानाची नवी नोंद तिने केलीच नाही. नोंदवही उघडायची, तारीख घालायची आणि मिटायची.

शुक्रवारी दुपारी दुरुस्तीखोलीचं दार वाजलं. दादा होता. दाढी वाढलेली, हातात भिंग.

"दाखव," तो म्हणाला.

तिने पान सुलटं करून काचेवर ठेवलं. तो वाकला. बराच वेळ वाकून राहिला. पट्ट्याच्या वरच्या कडेवरून भिंग त्याने डावीकडून उजवीकडे नेलं, मग परत आणलं.

"छापखान्यात सांगून आलो," भिंगातून डोळा न काढता तो म्हणाला. "पहिलं प्रकरण काढलं. ते काढल्यावर दुसरं उभं राहत नाही, आणि तिसरं तर दुसऱ्याच्याच खांद्यावर. प्रस्तावना तेवढी उरली."

"प्रस्तावना चांगली आहे," ती म्हणाली, आणि आपण काय बोललो या विचाराने तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दादाने भिंग खाली ठेवलं. "जोड कुठे आहे, ते मला माहीत आहे. तू सांगितलंस म्हणून. तरी दिसत नाही. तीस वर्षं मी याच पानावर डोळे फोडले, मुंगे. नकाशात केसाएवढी रेघ चुकली तर मी पकडायचो."

"दिसू नये असाच घालायचा असतो."

"नोंद केलीस?"

तिने मान हलवली, नाही म्हणून. त्याने नोंदवही तिच्यापुढे सरकवली. "कर."

तिने लिहिलं. पान एकतीस. खालच्या तीन ओळी मूळ पोथीतल्या नाहीत, माळ्याच्या चिठ्ठीतल्या आहेत, दुरुस्तीच्या वेळी लागल्या. 'कुणी लावल्या' या रकान्यात तिने आपलं पूर्ण नाव घातलं. शेवटचा रकाना शेऱ्याचा. तो ती कोरा सोडणार होती.

"शेऱ्यात लिही, जोड भिंगातूनही दिसला नाही."

"असलं काही नोंदवहीत लिहीत नाहीत, दादा."

"लिही म्हणतो ना. मी साक्षीदार आहे. माझ्याएवढं ते पान कुणी पाहिलंय?"

तिने लिहिलं. खाली त्याने आपल्या नकाशातल्या सरळ, बारीक अक्षरात सही केली आणि पेनाचं टोपण लावलं.

"आज खाली ये जेवायला," दाराशी जाऊन तो म्हणाला. "तू वर बसलीस तेव्हापासून तुझी वहिनी माझ्याशी बोललेली नाही."