वीरगतीस प्राप्त

आगाशे सुभेदारांना जड शब्दांची भारी हौस. पुण्याच्या केंद्रात ते आम्हाला, म्हणजे लष्करात धर्मगुरू होऊ घातलेल्यांना, शिकवतात. पंडित, मौलवी, ग्रंथी, सगळे एकाच रांगेत बूट आपटतो, रायफल खोलतो, जोडतो, एकमेकांच्या प्रार्थना पाठ करतो. त्या घामाचं मला काही नाही. मी खामगावचा, ऊन खाऊनच मोठा झालोय. माझं डोकं फिरतं ते तासाला. एकदा तोंडातून ‘मले’ निघालं तर आगाशे सगळ्यांसमोर म्हणाले, "पंडितजी, ही भाषा गोठ्यात बांधून या." वर्ग खिदळला. पास-नापास त्यांच्या हातात, म्हणून मी दात आवळून बसलो.

मरणाची बातमी कशी द्यायची, याचाही एक तास असतो. ‘मेला’ म्हणायचं नाही, ‘वारला’ नाही, ‘शहीद’ तर नाहीच, तो म्हणे सरकारी शब्द नव्हे. वाक्य एकच: "आपले चिरंजीव वीरगतीस प्राप्त झाले." मेलेल्याला चिरंजीव म्हणायचं, काय अक्कल! पण माझ्याकडून त्यांनी ते घोटून घेतलं.

मग सीमेवर बर्फाचा कडा कोसळला आणि त्यात सुलतानपूरचा नागसेन नावाचा शिपाई गेला. आगाशे म्हणाले, "तुमचाच जिल्हा आहे, पंडितजी. घरी जाऊन तुम्ही सांगायचं, मी सोबत असेन. हीच तुमची परीक्षा समजा."

एका बाईच्या पोराचं मरण, आणि यांना परीक्षा सुचली.

जीप दारात थांबली तेव्हा नागसेनची आई कलाबाई अंगणात सोयाबीन पाखडत होत्या. वर्दी पाहून सूप हातातून सुटलं. शेजारच्या तानुबाई धावत आल्या.

"काय झालं बाप्पा?" कलाबाई म्हणाल्या. "माह्या पोराले काय झालं?"

आगाशे माझ्या पाठीशी उभे. त्यांचा श्वास मानेला लागत होता. मी वाक्य म्हटलं. स्वच्छ, शुद्ध, एकही अक्षर न चुकता.

कलाबाई एक पाऊल पुढे आल्या. "प्राप्त झाले? म्हंजे भेटलं काय काही त्याले?"

"वीर म्हनले ना ते," तानुबाई म्हणाल्या. "मोठी पदवी असंल. वरतं चढवलं पोराले!"

"हाव व! नायक होनार म्हने तो." कलाबाईंच्या चेहऱ्यावर रक्त परत आलं. "काऊन असं भेव दाखवता मंग? बसा, बसा."

मी तोंड उघडेपर्यंत त्या आत पळाल्यासुद्धा. बाहेर आल्या त्या साखरेचा डबा घेऊन. तानुबाईंना दिली, मग माझा हात ओढून तळहातावर चिमूटभर ठेवली. "घ्या, तोंड गोड करा."

आगाशे कानाशी पुटपुटले, "वाक्य पुन्हा म्हणा. सावकाश."

पुन्हा! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. वाटलं, याचं वाक्य याच्याच घशात कोंबावं.

"माय, इकडे पाह्य," मी म्हणालो. "नागसेन मेला. बर्फात दबून मेला. तुहा पोरगा आता येत नाही."

"पंडितजी!" आगाशेंनी माझं कोपर धरलं. "नापास व्हायचंय का?"

"खड्ड्यात गेली तुमची परीक्षा," म्हणून मी हात हिसडला.

कलाबाई रडल्या नाहीत. डबा छातीशी धरून माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

"तू इकडलाच आहे नं?"

"हाव. खामगावचा."

त्यांनी माझ्या हातावर फटका मारला. साखर मातीत सांडली.

"मंग आधीच असं काऊन नाही बोलला बे? मेल्या पोराच्या नावानं साखर वाटाले लावली मले!"